भांडं

तागाच्या जुन्या गिरणीत आता फिजिओथेरपी चालते.
तिसरा मजला. रेडिएटर ठोके देतो,
काचेपलीकडे डंडीची टे नदी, चार वाजताच काळी झालेली.
एकवीस आठवडे थांबून मिळालेली चाळीस मिनिटं,
त्यातली सहा बूट काढण्यात गेली;
ओल्या नाड्या सुटेनात.

तिचं नाव आयली. शेवटी एक ध असतो,
लिहायचा, पण उच्चारायचा नाही.
मी म्हटलं, आमच्याकडेही असतं तसं काही काही.
ती हसली.
तिला वाटलं, मी व्याकरणाबद्दल बोलतेय.

कुठे दुखतं, तिनं विचारलं,
आणि मी सवयीनं म्हणणार होते, डोकं.
पी.टी.च्या सरांना डोकं, बाबांना डोकं,
लग्नघरात भेटलेल्या प्रत्येक काकांना डोकं,
इथे ऑफिसात गॉर्डनला मायग्रेन.
सव्वीस वर्षं माझं डोकं दुखतंय
ओटीपोटात.

निळ्या चटईवर उताणी. गुडघे वर, तळपाय टेकलेले.
एक हात छातीवर, एक बेंबीखाली.
वरचा हलू दे कमी, खालचा जास्त, ती म्हणाली.
वरचाच हलत होता.
खालचा नुसता ठेवलेला,
परक्या घरात पिशवी ठेवावी तसा.

श्वास घे, आणि घेताना खालचं सगळं सोड.
घेताना सोडू?
हो, घेताना.
मी घेताना आवळत होते, सोडताना आवळत होते,
आणि मधल्या वेळात
आवळूनच होते.
कुणी शिकवलं गं हे, तिनं अगदी सहज विचारलं.

पोट आत. पाय जवळ. मागून बघ गं, काही दिसतंय का.
दुसऱ्या बाकापासून फळ्यापर्यंतची अकरा पावलं,
पांढरा युनिफॉर्म, हातात खडू,
आणि साडेसातचं उदाहरण तोंडपाठ असूनही चुकलेलं.
कुणी नाही, मी सांगितलं.

मग तिनं कपाटातून प्लॅस्टिकची हाडं काढली,
परात धरावी तशी दोन्ही हातांत धरली.
हे एक भांडं आहे, म्हणाली,
आणि तळाला ही स्नायूंची झोळी.
श्वास आत आला की ती जरा झुकते,
गेला की आपली आपण वर येते. तू उचलायची नाहीस.
आवळायचं नंतर बघू.
ते तुला येतंच.

भांडं म्हटल्यावर आई आठवली.
विमान उतरलं की मी फोन करते,
आणि ती म्हणते, हं, पडला बाई जीव भांड्यात.
कुठल्या भांड्यात, हे मी कधी विचारलं नव्हतं.
मला वाटायचं तिच्या फळीवरचं,
ते कडेला पोचा आलेलं, झाकण न बसणारं.

चार आकडे घे. सहा आकडे सोड.
अकराव्या की बाराव्या श्वासाला
काहीतरी खाली उतरलं,
पायरी चुकावी तसं, फक्त पडायला झालं नाही.
रडू आलं. का ते विचारू नका.
आयलीनं टिश्यूचा डबा पायानंच माझ्याकडे सरकवला
आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

गुरुवारी आली.
दुखलं. दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही.
पहाटे तीनला गालिच्यावर, पोटऱ्या सोफ्यावर टाकून,
गरम पाण्याची पिशवी कूस बदलत होती,
पुलावरून एक मालगाडी लांबत लांबत गेली.
ती संपेपर्यंत मी मोजत राहिले.
कळ थोडी सरकली,
बाकावर कुणी जागा करून देतं तेवढी.

सकाळी गॉर्डनला लिहायला घेतलं, उशीर होईल, डोकं
आणि डोकं पुसलं.
त्याच्या भाषेत जो शब्द आहे तो लिहिला.
त्यानं एक अंगठा पाठवला.

मग आईला फोन. कशी आहेस?
पाळी आली आहे, मी म्हटलं, मोठ्यानं,
तिच्याकडे बाबा टीव्हीसमोर असतील हे माहीत असताना.
पोट दुखतंय.

पलीकडे तिनं श्वास घेतला.
मी ऐकला.
सोडायची वाट पाहिली.